गेटपासच्या मागची बाजू

भोसरीतल्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या एअर कंप्रेसरची उणीदुणी काढायची, हे माझं काम. आमचं मशिन आणि त्यांचं मशिन यांची तुलना करून सेल्सच्या पोरांना द्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाने अडवलं तर तोंडाशी उत्तर हवं. यंदा मी ती खास मोबाइलवर उघडेल अशी केली. रंगीत, देखणी, आमच्या रकान्यात नुसत्या बरोबरच्या खुणा. मी स्वतःवरच फिदा होते.

सेल्समध्ये लातूरची एक मुलगी नवीन होती. तिचं प्रोबेशन संपत आलं होतं आणि पदरात एकही ऑर्डर नव्हती. चाकणच्या एका कारखान्यातली भेट ही शेवटची संधी. ती तिथे पोचली आणि लगेच तिचा फोन आला.

"ताई, मोबाइल गेटवरच ठेवून घ्यायलेत ओ! आता कसं करू?"

चाकणच्या कितीतरी कंपन्यांत मोबाइल आत नेऊ देत नाहीत, हे कोणीही सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. पलीकडून गार्डची घाई ऐकू येत होती.

"गेटपासच्या मागे लिही," मी म्हटलं. "त्यांचं मशिन आपल्यापेक्षा कमी आवाज करतं, कबूल कर. आपलं बिघडलं तर त्याच दिवशी भोसरीहून माणूस येतो. पार्ट इथेच मिळतात. बास."

"आवाजाचं आपणच सांगायचं?"

"ते विचारणारच. त्याआधी तू सांग."

आत गेल्यावर मात्र घाबरून ती हे सगळं विसरली. आमचंच मशिन कसं सगळ्यात भारी, एवढंच ती बोलत राहिली. शेवटी परचेसच्या साहेबांनी सही करायला गेटपास घेतला, उलटा केला आणि वाचला. साहेब खो खो हसत सुटले. त्यांनी मेंटेनन्सच्या काकांना बोलावून कागद दाखवला. "आजवर आलेला एकजण तरी असं म्हणाला का?"

काका मूळचे चाकणचेच. "आवाजाचं काय घेऊन बसलात साहेब, कंप्रेसर तर शेडच्या भायेर हाय. बंद पडल्यावं कोण येतंय, त्ये बोला की! ही पोरगी तर लिवून देतीया."

गेटवर मोबाइल परत मिळताच ती ओरडली, "ताई, ऑर्डर मिळाली! आईला नंतर सांगते, आधी तुम्हाला!"

मला रडूच फुटलं, चांगलं मोठ्याने. आमचे साहेब केबिनमधून धावत आले, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "जाऊ द्या हो, एक ऑर्डर गेली म्हणून काय झालं!"