खिरीत गेलेला पंचम

“खिरीला वाट्या कमी पडल्या, म्हणून घेतल्या. एवढं लाल व्हायला काय झालं?” पाठक सर म्हणाले.

मी आठवीच्या वर्गात उभा होतो. बाकावर चिनी मातीच्या सोळा वाट्या एकात एक रचून ठेवलेल्या होत्या. ओल्याच. दोन-तीन वाट्यांच्या काठाला खीर अजून चिकटलेली होती. तासाभरात पडदा उघडणार होता, आणि या वाट्या म्हणजे आमचं त्या दिवसाचं मुख्य वाद्य होतं.

मी तेव्हा बालाघाटला एका शाळेत म्युझिक टीचर होतो. पाठक सर माझे हेडमास्तर, आणि गावातल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरीही तेच. म्हणजे दिवसा शाळेत साहेब तेच आणि संध्याकाळी वाद्यवृंदाच्या तालमीलाही साहेब तेच. साठ-बासष्टचा काळ. नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, तेव्हा इथली मराठी आता आपणच जपायची असं मंडळाने मनावर घेतलं होतं. वाद्यवृंद त्यातूनच निघाला. व्हायोलिनवर तहसिलीतले दोन क्लार्क, क्लॅरिनेटवर पोलीस बँडमधून रिटायर झालेले बिसेन, मेंडोलिनवर पाठक सरांचा मुलगा बाळ, आणखी पाच-सात जण. पेटीवर मी. बसवणारा मी, ओरडणारा मी आणि शेवटी खुर्च्या उचलणाराही मीच.

दर वर्षी आसपासच्या गावांतली एक-दोन मुलं पाहुणे कलाकार म्हणून आणायची, ही कल्पना माझी. त्या वर्षी दोघं होती. लालबर्र्याचा नारायण तबल्यावर, आणि कटंगीची कुसुम टेंभरे, वय तेरा, जलतरंगवर. सुट्टीत ती माझ्याकडे शिकून जायची.

जलतरंग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लहानमोठ्या वाट्या अर्धगोल मांडायच्या, त्यांत पाणी घालायचं आणि दोन बारीक काड्यांनी काठावर वाजवायचं. पाणी वाढवलं की सूर उतरतो, काढलं की चढतो. पण पाण्याने सूर थोडाच हलतो. मुळात वाटीच त्या सुराच्या जवळपासची लागते. दुकानातून डझनभर उचलून आणल्या आणि झालं, असं होत नाही.

कुसुमच्या वडिलांनी हा सेट बाजार फिरून जमवला होता. टेंभरे धानाची शेती करायचे आणि गावच्या भजनात पेटी वाजवायचे. कुठेतरी जलतरंग ऐकलं आणि पोरीने हेच शिकायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. कटंगीचा बाजार, तुमसरचा बाजार, जिथे कपबश्यांचं दुकान दिसेल तिथे उकिडवं बसायचं आणि एकेक वाटी पेन्सिलीने वाजवून पाहायची. दुकानदार हाकलून द्यायचे. मधला पंचम, म्हणजे सा रे ग म प मधला प, काही केल्या मिळेना. त्यासाठी वर्षाच्या वर गेलं होतं.

दुपारी कुसुमने आठवीच्या वर्गात वाट्या मांडल्या, माझ्या पेटीशी सूर जुळवला आणि वर चादर घातली. मी स्टेजवर माइक लावून घ्यायला गेलो. शेजारच्या वर्गात पंगत होती. कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे जिल्ह्याचे एक बडे साहेब, त्यांना आणि कमिटीला आधी जेवण. खिरीला वाट्या कमी पडल्या. कोणीतरी चादर उचलली. खाली स्वच्छ वाट्या, छान मांडलेल्या, प्रत्येकीत पाणी. वाद्य असेल असं वाटलं नाही म्हणे. पाणी ओतून दिलं, वाट्या पुसल्या आणि खीर वाढली. नंतर नळाखाली राखेने घासल्या. आमच्याकडे पाहुण्याची वाटी घासण्यात कोणी कसर करत नाही.

मी काडी घेऊन एकेक वाटी वाजवून पाहिली. पंधरा बोलल्या. सोळावी बद्द म्हणाली. काठापासून खाली केसाएवढी चीर. तीच, मधल्या पंचमाची.

“ही गेली,” मी म्हणालो. “पाणी झिरपणार, आणि सूर वाजवता वाजवता चढत जाणार.”

“मग स्वयंपाकघरातली दुसरी घ्या. वाट्यांना काय तोटा?”

“तोटा नव्हता तर हिच्या कशाला उचलल्या?”

पाठक सरांनी दार लोटून घेतलं. “आवाज खाली. हे बघा, भूप राग तुम्ही सगळ्यांकडून बसवून घेतलाय. जलतरंग रद्द करा. तो भाग बाळ मेंडोलिनवर वाजवेल. आणि एका अर्थी बरंच झालं. ती मुलगी स्टेजवर मले-तुले करायला लागली असती तर साहेबांसमोर काय शोभा झाली असती?”

तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. मराठी वाचवायला निघालेल्या या माणसाला सबंध जिल्ह्यात ज्या घरांत ती बोलली जाते त्या घरांचीच लाज वाटत होती. बाळचा राग नव्हता, पोरगा चांगला वाजवायचा. पण भूपातला तो भाग कुसुमने दोन महिने घासला होता. मी बाहेर पडलो, कारण थांबलो असतो तर हात उठला असता.

कुसुम आणि नारायण मागच्या पायरीवर बसले होते. कुसुमला कळलं होतं. ती रडत नव्हती, नुसती काड्यांकडे बघत होती. मला दुसरं काही सुचेना, म्हणून विचारलं, “जेवलात का?”

“नाई सर,” नारायण म्हणाला.

“कधीपासून?”

“सकाळी न्याहारी करून निंघालतो,” कुसुम म्हणाली. “ते म्हणाले का पाहुणे जेवल्यावर तुमचं पाहू.”

निमंत्रणपत्रिकेवर या दोघांच्या नावापुढे ‘पाहुणे कलाकार’ असं छापलं होतं. मजकूर पाठक सरांचाच. आणि हे पाहुणे उपाशी पायरीवर, त्यांच्याच वाट्यांत दुसरे पाहुणे खीर खाऊन मोकळे.

मी वर्गात परतलो तर कुसुमबरोबर आलेले टेंभरे तिथे होते. चिरलेली वाटी दिव्यासमोर धरून फिरवून पाहत होते. मागून पाठक सर आले तसे त्यांनी हात जोडले. “राहू द्या जी. सायेबाच्या पोटात गेलं, वाया तं नाई गेलं. वाटीचं काय, दुसरी पाहू.”

“बघा,” पाठक सर मला म्हणाले, “यांना समजतं.”

मला टेंभऱ्यांचाही राग आला. काहून हात जोडता, असं ओरडावंसं वाटलं. पण त्यांचा अंगठा त्या चिरेवरून सारखा फिरत होता.

मग मी पाठक सरांना सांगितलं, “आधी मुलं जेवतील. मग वाट्या लागतील. मग पडदा उघडेल. कुसुम वाजवेल.”

“आणि मी नाही म्हणालो तर?”

“तर भूपही नाही, स्वागतगीतही नाही. मी पेटी घेऊन घरी जातो.”

“तुमची नोकरी माझ्या हाताखाली आहे हे विसरू नका.”

“ठाऊक आहे.”

एवढ्यात दारातून बिसेनांचा आवाज आला. “मास्टरजी जायेंगे तो क्लॅरिनेट भी जायेगा. मैं तो पेन्शनवाला हूँ, मले कोन ट्रान्सफर करते?” मागे दोन्ही क्लार्क उभे होते. ते जागचे हलले नाहीत. पाठक सर पाय आपटत मंडपाकडे गेले.

मुलांना मी पंगतीच्या खोलीत, साहेब बसले होते त्याच जागेवर पाटावर बसवलं आणि स्वतः वाढलं. खीर संपली होती. वरण-भात, भाजी, पोळी होती. जेवता जेवता मी कुसुमला विचारलं, “मालकंस येतो ना? सुट्टीत शिकवला होता.”

“येते सर. पण मंग आर्केस्ट्रा?”

तिने नेमकं विचारलं. मालकंस रागात पंचम लागतच नाही, म्हणून ती वाटी नसली तरी चालतं. पण वाद्यवृंदाने बसवला होता भूप. भूपातून पंचम काढला तर राग उरत नाही. मालकंस घ्यायचा म्हणजे बाकी सगळ्यांनी हात बांधून बसायचं.

“आर्केस्ट्रा ऐकेल,” मी म्हणालो. “नारायण, तू सांभाळशील?”

“हौ सर,” तोंडात घास असतानाच तो म्हणाला.

पुन्हा सूर लावायचे होते. गंधार, धैवत, निषाद कोमल करायचे, म्हणजे त्या वाट्यांत जास्त पाणी. टेंभरे लोटीने घालत, मी चमच्याने काढत, कुसुम वाजवून बघत. बाहेर लोक टाळ्या पिटायला लागले होते. पाठक सरांनी प्रास्ताविक लांबवलं. ते काम मात्र त्यांना जमायचं.

पडदा उघडला. स्वागतगीत झालं, वाद्यवृंदाने भूप सोडून दुसऱ्या दोन रचना वाजवल्या. मग सगळे वाद्यं खाली ठेवून बसले आणि कुसुम पुढे आली. वाट्यांच्या अर्धगोलात मध्ये एक जागा रिकामी होती. पहिल्या ओळीला तिचा एक सूर निसटला. मग नारायणने समेवर थाप दिली आणि तिची मान हलली. त्यानंतर मला काळजी करायला काही उरलं नाही. शेवटच्या द्रुतात तर बिसेन मांडीवर ताल धरून मोठ्याने “वा” म्हणाले. मंडपात बराच वेळ टाळ्या वाजल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग काही गेला नाही.

साहेब कौतुकाने स्टेजवर आले. वाकून वाट्या पाहिल्या, कुसुमच्या डोक्यावर हात ठेवला आणि माइकवर हसून म्हणाले, “अरे, बिलकुल ऐसी ही कटोरी में तो हमने आज खीर खाई!”

लोक हसले. पाठक सर सगळ्यात मोठ्याने हसले. ते हसणं मला सहन झालं नाही. मी पेटीवरून उठलो, माइकपाशी गेलो आणि म्हणालो, “ऐसी नहीं साहब. यही.”

मग सगळं सांगितलं. चादर, खीर, चीर, पायरीवर उपाशी बसलेली पोरं. मेंडोलिनचं तेवढं सांगितलं नाही, बाळ मागेच बसला होता. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी कुसुमची माफी मागितली, माइकवर, सगळ्यांसमोर. पाठक सरांनी मागितली नाही. त्यांनी आभारप्रदर्शन केलं, आणि त्यात मंडळाने गावोगावच्या बालकलाकारांना कसं हुडकून काढलं तेही सांगितलं.

माझी बदली त्याच वर्षी झाली, लालबर्र्याच्याही पलीकडे एका मिडल स्कूलमध्ये. तिथे पेटी नव्हती. मला गणित आणि पी.टी. दिलं. तेव्हापासून जिथे जिथे कार्यक्रम बसवला तिथे वाद्यांच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात असते, आणि मुलं साहेबांच्या आधी जेवतात. यावरून पुढे आणखी दोनदा बदली झाली, त्याचं काही वाटत नाही.

मंडळाने दुसऱ्या वर्षी कुसुमला बोलावणं धाडलं. ती गेली नाही. मी मात्र कटंगीला त्यांच्या घरी गेलो. फळीवर जलतरंग होतं, आणि मधला पंचम टेंभऱ्यांना पुन्हा मिळाला होता. मला जेवायला बसवलं. पानात खिरीची वाटी आली, नवी, काठावर निळी वेल असलेली.

“सायेबानं चपराशासंगं पाठवल्या,” टेंभरे म्हणाले. “पुऱ्या डझनभर. मी वाजवून पाह्यल्या जी. बाराच्या बारा एकाच सुरात बोलतेत.”

“मग काय केलंत त्यांचं?”

“जेवाले काढल्या. वाजवाच्या तिकडं फळीवर हायेत. आमच्या घरी लहान पोट्टंही चुकत नाई, सर.”