कापलेली डोलकाठी

‘मशीन कापते, तुमी तं नुसतं बटन दाबता,’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. रिसोडला माझं सीएनसी मशीनचं, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आखणीप्रमाणे लाकूड कापणाऱ्या मशीनचं, दुकान आहे. दारांवरची नक्षी, देवघरांच्या जाळ्या, ही रोजची कामं. जहाज एकदाच केलं, तेही मामांसाठी.

मामा आसेगावचे. नौदलात, जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरी करून गावी परतलेले. आपलं जहाज मोडीत निघाल्याचं कळलं तेव्हा त्याचा नकाशा मागवून ते एसटीनं थेट माझ्या दुकानात आले.

‘खऱ्याचे पन्नास फूट तं आपला एक फूट. असं मले बनवून दे.’

कॉम्प्युटरवर मी एकेक फासळी रेखाटली. पहिला कणा वाया गेला. सहा एमएम म्हणून विकलेला प्लाय प्रत्यक्षात पातळ भरला आणि फासळ्या खाचांत लटलट हलू लागल्या. मग प्रत्येक तुकड्याची जाडी मोजून मी सगळ्या खाचा नव्यानं आखल्या. हे मशीनला कोण सांगतं? मामा शेजारी बसून पॉलिश पेपर घासत. एका दुपारी त्यांनी जहाजाच्या पोटात बोट ठेवलं. ‘इथं मी उभा राह्यचो. वर ऊन हाये का पाऊस, काई समजे नाई.’

पुढे आसेगावातल्या एका पुढाऱ्यानं प्रजासत्ताक दिनाच्या मिरवणुकीसाठी जहाज मागितलं. मामांनी ते मोठ्या अभिमानानं दिलं. त्या सकाळी आम्ही पोचलो, तर जहाज ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आणि त्याची डोलकाठी निम्म्यातून करवतीनं कापलेली. बाजूला पुढाऱ्याचा हसरा फोटो चिकटवलेला.

‘काहून कापली?’ मी विचारलं.

‘कमानीखालून जात नव्हती, ताई,’ पुढारी म्हणाला. ‘लाकूडच तं हाये. तुमचं मशीन पाच मिनिटांत दुसरी काढीन.’

कमान कसली, दोन बांबू आणि झेंडूच्या माळा! दोर सोडून हातभर वर बांधायला यांचं काय जात होतं? मी तेच ओरडून विचारलं. लोक जमले.

‘आजच्या दिवशी तमाशा नका करू,’ तो म्हणाला.

म्हणजे तमाशा मी करत होते!

मामा पुढे झाले. सत्तरी ओलांडलेले, तरी ट्रॉलीवर चढले, फोटो सोलून पुढाऱ्याच्या हातात दिला आणि मला म्हणाले, ‘धर तिकून.’ आठ फुटांचं जहाज उचलून आम्ही मिरवणुकीच्या उलट दिशेनं निघालो. लेझीम खेळणाऱ्या पोरींनी थांबून वाट दिली.

घरी आल्यावर मामा म्हणाले, ‘जहाज मोडीत काढलं तवा मले कोनी इचारलं नाई. आज तं मी समोर होतो.’

डोलकाठी मी पुन्हा कापली. पाच मिनिटांत नव्हे. या जहाजाची डोलकाठी म्हणजे जाळीचा मनोरा; त्याच्या पट्ट्या आगकाडीएवढ्या, मशीनचं कापणारं बिट जरा घाईनं फिरलं की तुटतात.

ऑगस्टमध्ये तोच पुढारी पुन्हा जहाज मागायला आला. माफी नाहीच, वर म्हणतो, ‘मांगचं मनात नका ठेवू.’

मामांनी त्याला चहा पाजला. ‘पाह्यचं असन तं इथंच बसून पाहा. नेऊ देनार नाई.’

चहा पिऊन तो गेला. जहाजाकडे त्यानं नीट पाहिलंसुद्धा नाही. मामा म्हणतात, सोडून दे. मी का सोडू?