शाळेपुरती ठीक हाय

"चालून दाखव."

लातूरच्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून एवढंच म्हणायचे. हातात बॅट द्यायची नाही, चेंडू टाकायला सांगायचं नाही. समोरची पोरगी बिचारी दहा पावलं जायची, दहा पावलं परत यायची. सर थर्मासच्या झाकणात चहा ओतायचे, घोट घ्यायचे आणि निकाल द्यायचे.

"शाळेपुरती ठीक हाय. कॉलेजात न्हाई टिकायची."

ही सॉफ्टबॉलच्या संघाची निवड होती. मुलगी बघायचा कार्यक्रम बरा, तिथं निदान पोहे तरी मिळतात.

मी तेव्हा चाकूरच्या एका शाळेत खेळ शिकवत होतो. बारावी झालेली आमची पोरं दरवर्षी या खुर्चीपुढं उभी करायची आणि मान खाली घालून परत न्यायची, हे माझं काम. स्वतः सर कबड्डीचे. सॉफ्टबॉल त्यांनी आठ दिवसांच्या शिबिरात शिकला. खरं तर सातच, कारण पहिला दिवस उद्घाटनाच्या भाषणात गेला. तरी खेळाडू ओळखावा तर त्यांनीच, असं तेच सांगायचे. चालीवर पसंत केलेली त्यांची एक उंच पोरगी अंगावर चेंडू आला की पाठ फिरवून उभी राहायची. चाल मात्र झोकदार होती. असा एखादा पारखी तुम्हीही पाहिला असेल. चुकतो रोज, पण त्याच्या आवाजात शंका म्हणून नसते.

एकदाच मला तो माणूस आवडला. त्या वर्षांत लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले होते. एका क्लासचे संचालक आठ-दहा पोरं घेऊन आले. मेडिकलला खेळाच्या कोट्यातून जागा हवी होती, म्हणून संघात नाव हवं होतं. सरांनी सगळ्यांना भर उन्हात चालायला लावलं.

"ह्यांला चालताबी येईना," ते संचालकांना म्हणाले. "डाक्टर कसे होतेल?"

पण ते तेवढंच. पुढच्याच वर्षी मी वैशालीला घेऊन गेलो.

वैशाली भूकंपातली. पाच वर्षांची असताना घराची भिंत उजव्या हातावर पडली. हाड जुळलं, पण कोपर जरा वाकडं राहिलं. घर गेलं, आई गेली. बाप गवंडी, लेकीला घेऊन चाकूरला आला आणि दुसऱ्यांची घरं बांधू लागला. त्या वाकड्या कोपरातून ती खालून हात फिरवून चेंडू टाकायची, तेव्हा चेंडू सरळ येता येता अखेरच्या क्षणी आत वळायचा. कसा, ते तिलाही सांगता यायचं नाही. असा हात मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

सरांनी तिला चालवलं. मग कोपराकडं नजर गेली.

"मास्तर, हे काय आणलाव? कॉलेजात रोज दोनशे चेंडू टाकावं लागतेत. वर्षात तुटंल हे."

"सर, एकदा टाकू तर द्या."

बराच वेळ हुज्जत घातली, तेव्हा त्यांनी दहा चेंडू दिले आणि कॉलेजची सगळ्यात चांगली खेळाडू बॅट घेऊन उभी केली. दहापैकी एकाला बॅट लागली, तीही कडेला. मी सरांकडं पाहिलं. ते थर्मासचं झाकण पुसत होते.

"दहा चेंडू कुणीबी टाकतंय. शाळेपुरती ठीक हाय."

परतीच्या एसटीत वैशाली खिडकीबाहेर बघत बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण कोपर ओढणीखाली झाकून घेतलं होतं. तोवर तिनं ते कधी झाकलं नव्हतं.

बापानं ऐकलं आणि विषय संपवला. "एवढे मोठे सर न्हाई म्हणले, म्हंजे न्हाई. पुन्हा हात मोडला तर कोण बघणार? बास झाला खेळ." मी दोनदा घरी गेलो, भरपूर बोललो. तो मान हलवायचा आणि चहा पुढं करायचा. मी नाद सोडला. आणि पंधरा दिवसांनी तोच शाळेत आला.

"सर, पोरीला नांदेडच्या कॉलेजात घालावं म्हणतो. खेळू द्या तिला."

माझ्या बोलण्याला अखेर यश आलं! शिक्षकांच्या खोलीत ही हकीकत मी पुढं कितीदा सांगितली असेल, मोजदाद नाही.

दुसऱ्याच वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत वैशालीच्या नांदेडनं लातूरला धूळ चारली. मुद्दाम सामना बघायला गेलो होतो. संपल्यावर सरांच्या खुर्चीपुढं जाऊन उभा राहिलो.

"काय सर, तुटलं का कोपर?"

"आजून दोन वर्षं हायत," म्हणाले, आणि चहा ओतून घेतला. मला विचारलंसुद्धा नाही.

कोपर तुटलं नाही. वैशाली विद्यापीठाच्या संघात गेली, आता अर्धापूरला पोरींना खेळ शिकवते.

सर निवृत्त झाले आणि चारेक वर्षांत गेले. शोकसभेला मी गेलो तो खरं तर वक्त्यांची थापेबाजी ऐकायला. ती भरपूर होती. जो तो सरांनी मला घडवलं म्हणत होता. मग वैशाली उभी राहिली.

"सरांनी मला नापास केलं होतं," ती म्हणाली. मला बरं वाटलं.

"आठवड्यानं रविवारी सर एकटेच आमच्या घरी आले. घराच्या मागं मला संध्याकाळपर्यंत चेंडू टाकायला लावले. साठीला आलेला माणूस, स्वतः झेलत होते. दर थोड्या वेळानं कोपर दुखतंय का विचारायचे. मग बाबांना म्हणाले, 'माझा अंदाज चुकला. आमच्या संघाची यादी तर वर गेलीय, पण नांदेडच्या सरांशी मी बोललोय. पोरीला खेळू द्या.' आणि जाताना म्हणाले, 'ह्यातलं त्या मास्तरला सांगू नका. लई चढंल.'"

सभागृह हसलं. मीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. चारचौघांत चूक कबूल करायला या माणसाला काय झालं होतं, हा माझा राग अजूनही आहे.

बसस्टँडपर्यंत आम्ही दोघं चालत गेलो. न राहवून मी विचारलं, "इतकी वर्षं मला सांगितलं का नाहीस गं?"



"तुम्ही लई खूश होता, सर."