कुमारी मातेच्या उंचीचं भाडं

आब्दिएल माझ्या मुलीचा धर्मपिता, म्हणून मी त्याला 'कोंपाद्रे' म्हणते आणि तो मला 'कोमाद्रे'. तोकुमेनच्या विमानतळामागे मालाची गोदामं आहेत. तिथे तो कित्येक वर्षं विमानात चढवायच्या मोटरसायकली बांधून देतो. आमच्या देशातला रस्ता यावीसा गावाला संपतो, पुढे सरहद्दीपर्यंत नुसतं रान. कोलंबियाला गाडी न्यायची तर विमानातच घालावी लागते, आणि विमानवाले वजनापेक्षा जागेचे पैसे लावतात. म्हणून आब्दिएल आरसे काढतो, काच काढतो, हँडल उतरवतो, गाडी होईल तेवढी बुटकी करतो. मालक हळहळला की म्हणतो, "आरशाचं वेगळं तिकीट काढायचंय का, बाबा?"

त्याची बायको एडिल्मा देवाघरी गेल्यापासून मात्र थट्टाही तो दमूनच करतो. चर्चमध्ये मिस्साला सगळे उभे राहतात तेव्हा हा बसलेला असतो. देव समजून घेत असेल.

या महिन्यात त्याला स्वतःचीच गाडी पाठवायची होती. त्याची मुलगी इत्सेल कोलंबियात, बोगोताला नांदते. तिने मागितली. "नवी नको, पापा. आईची कुमारी माता असलेलीच हवी." एडिल्माने हँडलच्या मधोमध कार्मेनच्या कुमारी मातेची पितळी मूर्ती वेल्डिंग करून घेतली होती, वीतभर उंच.

तो जेवत नाही म्हणून आज मी सांकोचोचा, म्हणजे मक्याची कणसं घातलेल्या कोंबडीच्या रश्श्याचा, डबा घेऊन गोदामात गेले, तर मोजमाप चाललं होतं. भाडं ठरवणाऱ्या ओविदियोने टेप मूर्तीच्या मुकुटापर्यंत ताणली आणि मान हलवली.

"गाडी साध्या वर्गाची आहे, आब्दिएल, पण बाई पहिल्या वर्गाची. भाडं अकराशेच्या वर जातंय."

आब्दिएलपाशी साडेनऊशे बाल्बोआ होते. तेवढेच.

"अरे, हँडल उतरव की. रोज लोकांची उतरवतोस," ओविदियो म्हणाला.

"उतरवलं तर तिला आडवं ठेवावं लागेल. एडिल्माने उभी केलेली बाई मी आडवी करणार नाही."

"मग काप आणि पोस्टाने पाठव! एवढ्या भाड्यात तिकडे अख्खी गाडी येईल," एक हमाल ओरडला.

सगळे हसले. आब्दिएल खोक्यावर बसला. मला म्हणाला, "राहू दे, कोमाद्रे. इत्सेलला सांगतो, जमत नाही. दमलो मी."

उन्हातून बस बदलत आल्याने मीही दमले होते. गोड बोलायचं त्राण नव्हतं. म्हटलं, "गुड फ्रायडेला आपण प्रभूलाच आडवं निजवून गावभर नेतो. पुढचा खांदा तूच देतोस ना? तेव्हा कुणाचा अपमान होतो?"

त्याने मूर्तीकडे पाहिलं. मग म्हणाला, "तेव्हा फुलं असतात."

कुंपणाला जास्वंद होती. मी तीन फुलं तोडून आणली. ओविदियो पुढे आला, "दोन्या बाई, झाडपाल्याला विमानात परवानगी नाही हो."

"विमानात नाही घालत. एक 'नमो मारिया' होऊ दे, मग काढते."

ओविदियोनेही टोपी काढली. आब्दिएलने हँडल उतरवलं. एकही नट खाली पडला नाही. माझ्या डोक्यावरच्या रुमालात मूर्ती गुंडाळली, हँडल टाकीच्या कडेला निजवलं, वर फुलं ठेवून प्रार्थना म्हटली आणि फुलं उचलली. परत टेप लागली. भाडं साडेनऊशेच्या आत आलं. ओविदियोने पावती फाडताना थट्टा केली नाही.

बाहेर पडलो. आब्दिएल सवयीने भिंतीच्या सावलीकडे वळला, किल्लीसाठी खिसा चाचपला आणि रोज मोटरसायकल लावायच्या रिकाम्या जागेपुढे उभा राहिला.

"कोमाद्रे, आता घरी कशावर जायचं?"

"बसने. आम्ही जातो तसं."

तो हसला, हसतानाच थांब्याच्या बाकावर टेकला. बस काही येईना. त्याने डबा मागून घेतला आणि गार झालेला सांकोचो तळापर्यंत संपवला. कणीससुद्धा चोखून टाकलं. जास्वंदी माझ्या हातात कोमेजून गेल्या होत्या. त्या त्याने मागितल्या नाहीत. मीच त्याच्या खिशात ठेवल्या.