वहिनींचे सतरा एक

दादाचा फोन आला तेव्हा मी ओझरला कारखान्यात होतो. वहिनी गेल्या म्हणाला. गेटपाशी रिक्षाची वाट पाहताना मला रडू आलं नाही, एक आकडा आठवला... तो मला कित्येक वर्षं ठाऊक होता आणि वहिनींना शेवटपर्यंत नव्हता.

वहिनी नाशिक रोडला मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. सत्तरच्या दशकात कधीतरी त्यांच्या डोक्यात बसलं की नुसते एकच एक, सतरा वेळा ओळीने लिहिले तर ती संख्या कशाने भागली जाते ते शोधायचं. पंधरा एक असते तर तीन-तीनचे गट पडून १११ ने सरळ भाग गेला असता. पण सतरालाच भाग जात नाही, म्हणून इथे सोपी वाट नाही. ती फुटते, म्हणजे तिला भाजक आहे, हे मात्र त्यांनी आधीच सिद्ध केलं होतं, महिनोन्‌महिने वर्ग करकरून. "मूळ असण्याची परीक्षा दहाने घेतली तर पास होते लबाड, दहांचीच बनलेली, घरचाच मास्तर ना! दोनाने घेतली की नापास," असं त्या सांगायच्या. म्हणजे फुटते हे नक्की, कुठे ते माहीत नाही. मूळ भाजक असलाच तर त्याला चौतिसाने भागून एक उरला पाहिजे, एवढाच धागा. तेवढ्यावर त्या संध्याकाळी कणीक मळून झाली की पाटी घेऊन बसायच्या. दादा म्हणायचा, "पोळी करपली तरी चालेल, पण बाकी चुकता कामा नये."

एकदा बाकी शून्य आली. नऊचा पडताळा जुळला आणि वहिनींनी कॉलनीभर पेढे वाटले. मग अकराचा पडताळा घेतला, तो जुळेना. हातचा एक शेजारच्या घरात मिळवला गेला होता. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा घरोघर गेल्या. "भाग गेला नाही. पेढे परत मागायला नाही आले, सांगायला आले." लोक हसले. त्याही हसल्या, आणि घरी येऊन पुढची संख्या घेतली.

मुंबईच्या एका वाचनालयात मला जुन्या कोष्टकात तो भाजक छापलेला सापडला. मी धावतच आलो.

"वहिनी, हे तर आपल्या जन्माआधीच कुणीतरी फोडलंय. आकडा आणलाय."

"खिशातच ठेवा."

"अहो, पण छापून आलंय."

"पांडवलेण्यांच्या पायऱ्या कुणीतरी आधी चढलंय, म्हणून मी खाली रिक्षात बसून राहू? आकडा तोंडातून निघाला तर या घरातला चहा बंद, भाऊजी."

त्यानंतर रविवारी जेवायला गेलो की पाटीवर वाकलेल्या त्या दिसायच्या आणि मला चोरासारखं वाटायचं. त्यांचं सगळं वय माझ्या खिशात घडी घालून ठेवल्यासारखं...

दवाखान्यात मला राहवलं नाही. "आता तरी सांगू का?"

"आता तरी म्हणजे? मरायला टेकले म्हणून नियम बदलतात?" थोड्या वेळाने त्यांनीच हात धरला. "एकच सांगा. हातचा चुकून मी त्याला ओलांडून तर गेले नाही ना?"

त्या कुठवर पोचल्यात ते मला माहीत होतं. "नाही वहिनी. तो अजून पुढे आहे."

"मग माझा एकही भागाकार फुकट नाही," म्हणाल्या, आणि कूस बदलून झोपल्या.

दहाव्याला कुणीतरी हळहळलं, बिचारीचं अपुरंच राहिलं. मी तिथेच तोडलं त्यांना. अमुक संख्येने भाग जात नाही, हेही सत्यच असतं, आणि अशी सत्यं त्यांनी एकटीने, कणकेच्या हातांनी, रांगेने उभी केली. दादाने ती पाटी ओट्याच्या वर तशीच ठेवली आहे. तिच्यावर पुढची संख्या लिहिलेली आहे, भागाकार नाही. मोलकरणीला सांगून ठेवलंय, फडकं लावायचं नाही.

हा लेख दिला तेव्हा पुरवणीतले स्नेही म्हणाले, शेवटी चौकटीत उत्तर द्या, नाहीतर वाचकांना हुरहूर लागेल. लागू दे. मी देणार नाही. ज्याला हवं त्याने पाटी घ्यावी आणि १०३ पासून, म्हणजे चौतिसाने भागून एक उरणाऱ्या पहिल्या मूळ संख्येपासून, सुरुवात करावी. १०३ ने भाग जात नाही, वहिनींनी पाहिलंय.

तरी तुम्ही पुन्हा पाहा.