मेहिटाबेलचा कोपरा

मेहिटाबेलच्या पायाला भिंगरी होती, पण ती फिरायची फक्त स्वतःच्या शेतात. मार्चमध्ये बर्फ वितळला की टोपली घेऊन दगड वेचत सुटायची. आमच्याकडे थंडी जमिनीतले दगड वर ढकलते, दरवर्षी नवं पीक! वेचतात सगळेच. पण ही एका कोपऱ्यात गड्यांनाही फिरकू द्यायची नाही.

"अगं, दगड वर येतात, माणसं नाही!" नवरा एकदा चिडून बोलून गेला. मी शेजारीण, त्यांच्या बांधाच्या भिंतीपलीकडे होते. काय कळायचं ते कळलं.

सोळाशे ब्याण्णवमध्ये तिच्या आईला, बेथायाला, चेटकीण ठरवून फाशी दिली. चर्चनं आधीच मंडळीतून काढलेली, म्हणून दफनभूमीत जागा नाही. मेहिटाबेलच्या भावांनी प्रेत गवताच्या गाडीत लपवून आणलं आणि शेताच्या त्या कोपऱ्यात पुरलं. जमीन खडकाळ, खड्डा जेमतेम गुडघाभर, वर खूण नाही. थंडी आईलाही वर काढील, ही धास्ती मेहिटाबेलला जन्मभर पुरली.

आणि कोर्टात "ही लांबूनच, न दिसता मला चिमटे काढते!" म्हणत बेथायाकडे बोट दाखवून बोंबलणारी तेरा वर्षांची कार्टी? मीच ती. दुसरं कोण! लाज वाटते, पण त्या लाजेचं काय लोणचं घालायचंय? वीस वर्षं भिंतीआडून त्या कोपऱ्याकडे बघत राहिले, तोंडातून ब्र काढला नाही.

परवा चर्चनं चूक मान्य करून बेथायाला पुन्हा मंडळीत घेतलं. आता तिला दफनभूमीत नेता येणार होतं. पण मेहिटाबेलची नजर दोन वर्षांपूर्वीच गेलेली, भाऊ आणि नवरा वारलेले. गड्यांनी चार ठिकाणी खणलं, दगडच निघाले. ती काठी आपटत गोलगोल फिरत होती. "इथंच होती हो, इथंच!"

"राहू द्या बाई," चर्चचे पाळक म्हणाले. "देवाला ठाऊक आहे जागा."

मला राहवेना. मी भिंत ओलांडली. "मेहिटाबेल, मला माहीत आहे जागा."

तिनं आवाज ओळखला. "तुला गं कशी?"

"दरवर्षी बघत होते तुला, वेचताना कुठं जास्त वाकायचीस ते."

"अस्सं! मग दाखव की बोट. सवय आहे तुला."

बोट दाखवून तिला काय दिसणार? मी तिचा हात धरला, चौदा पावलं चालवलं, खाली बसवून तळवा मातीवर टेकवला. तिचे पाय पहिल्यांदाच थांबले. गडी फावडं घेऊन पुढे आला.

"तू नको," मेहिटाबेल म्हणाली. "ही खणेल."

मी खणलं.