एक वाजताचा उंचवटा

वेधशाळेतल्या काकांना सगळे हवामानवाले समजत. रस्त्यात कोणी ना कोणी अडवायचंच, "काका, उद्या छत्री घेऊ का?" काका वैतागायचे. "अरे बाबा, माझं हवामान शंभर किलोमीटर वरचं. सूर्य खवळला की तिथल्या हवेत वीज वाहते आणि इथे माझी सुई थरथरते. रेडिओ खरखरेल का ते विचार." मग विचारणारा काढता पाय घेई.

ती चुंबकसुई एका लाकडी खोलीत असे. खोलीचे खिळेसुद्धा तांब्याचे. आत जाताना काका किल्ल्या, घड्याळ, कमरेचा पट्टा सगळं बाहेर काढून ठेवत आणि एका हाताने पँट सावरत काम करत. लोखंड जवळ आलं की सुई हलते, ती कागदावर काढत असलेल्या रेघेत उंचवटा उठतो आणि आळ येतो बिचाऱ्या सूर्यावर. तेहतीस वर्षांत काकांनी असं एकही खोटं खपवून घेतलं नाही.

म्हणजे, एक सोडून. काकू रोज एक वाजता सायकलवर डबा घेऊन यायच्या. सायकल फाटकापाशी लावायचा नियम होता, पण फाटकाला ऊन आणि खोलीच्या भिंतीला सावली. दोघं तिथेच जेवत.

"तुझी सायकल सूर्याच्या वरताण आहे," काका कुरकुरत.

"मग डबाही त्याच्याकडूनच मागवा," काकू म्हणत.

रेघ वर चढायची, तासाभराने उतरायची. काकांनी त्याची नोंद कधी केली नाही. बायकोची तक्रार ऑफिसात करतो कोण?

काकू गेल्या, त्याला सहा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. घर खायला उठायचं, म्हणून काका सुट्टीच्या दिवशीही वेधशाळेतच बसत. एक वाजता भिंतीपाशी एकटेच डबा उघडत.

मग नव्या मॅडम आल्या. जुन्या कागदांच्या गुंडाळ्या कॉम्प्युटरवर चढवायच्या होत्या, त्यातले खोटे उंचवटे काढून. "तुमच्याशिवाय ते ओळखणार कोण?" त्या म्हणाल्या. काकांना एक वाजताचे उंचवटे आठवले. गप्प बसावं, तर पुढची शंभर वर्षं शास्त्रज्ञ त्या उंचवट्यांवरून भलतेच निष्कर्ष काढणार. सांगावं, तर काकूंची एवढीच राहिलेली खूण आपल्या हाताने पुसायची. तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी सांगून टाकलं.

मॅडम रागावल्या नाहीत. यादी करा म्हणाल्या.

काका गुंडाळ्या उलगडत बसले. एका दिवशी उंचवटा जेमतेम दोन मिनिटांचा होता. भांडण झालं असणार, बाईसाहेब डबा आपटून चालत्या झाल्या असणार. काकांना हसू आलं. पुढची गुंडाळी उघडली आणि त्यांचा हात थांबला. त्या पंधरवड्यात काका इथे नव्हतेच. प्रशिक्षणासाठी परगावी गेले होते. खोलीला कुलूप होतं. तरी रोज एक वाजता उंचवटा, तासाभराचा. अगदी रविवार धरून.

बंद खोलीच्या भिंतीला टेकून ती एकटीच जेवत होती. परत आल्यावर त्यांनी विचारलं, तेव्हा म्हणाली होती, "तुम्ही नव्हता ना, मस्त आराम झाला." आणि काकांना ते खरं वाटलं होतं. गुंडाळी मांडीवर घेऊन ते लहान मुलासारखे रडले.

मॅडमनी यादी तपासली. त्या पंधरा तारखांवर बोट ठेवून म्हणाल्या, "तेव्हा तुम्ही नव्हता. पाहणारं कोणीच नव्हतं. हे सायकलचेच कशावरून? वरचं काहीतरी असेल. तुमची खात्री नसेल तर राहू देऊ."

राहू दिले असते तर कोणी नावं ठेवली नसती. काकांनी बराच वेळ कागद हातातून सोडला नाही.

"तीच होती," ते म्हणाले. "तिला एकटीला घरी करमत नव्हतं."

आणि त्यांनी यादीवर सही केली.